सत्ताविसाव्या वर्षी फुटलेला आवाज

दादा,

तुझ्या तेराव्याला मांडवात लोक बोलत होते आणि मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं रडतोय. कळंबच्या शाळेचे आत्ताचे मुख्याध्यापक उठून म्हणाले, की बिरू गुरुजींनी व्हरांड्यातून नुसतं 'गप बसा' म्हटलं तरी रस्त्यावरचा ट्रॅक्टर बंद पडायचा. मग तुझा एक जुना विद्यार्थी उठला आणि तुझ्या मिशीवर बोलला. ती मिशी बघून म्हणे त्याच्या पाढ्यांची भीती दुप्पट व्हायची. मला हसू आवरेना. समोर बायकांत शोभावहिनी बसली होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. बायका पाठीवरून हात फिरवून म्हणत होत्या, मोकळी हो बाई. ती रडत नव्हती रे. सकाळपासून रडून झालं होतं, आता ती हसत होती. आई गेली, आबा गेले, शेजारचे तात्या गेले. तो आवाज आणि ती मिशी कुठून आली, हे पुरतं ठाऊक असलेली त्या मांडवात आम्ही दोघंच उरलो होतो.

म्हणून हे लिहितोय. कुणीतरी खरं सांगायला पाहिजे.

तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. पण मी चौदाचा झालो तेव्हा माझा आवाज घोगरा झाला, सोळाव्याला मिसरूड आलं, आणि आबा आपल्या शेळगावच्या बाहेरची कामं मला सांगायला लागले. नवा माणूस घरी आला की मलाच विचारायचा, मोठे तुम्हीच ना? मी कधी 'न्हाय' म्हणायचो, कधी उत्तरच द्यायचो नाही. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

तू बारामतीला डी.एड.ला जायचास तेव्हा एसटीचा कंडक्टर तुला अर्धं तिकीट फाडून द्यायचा. तू अठरा वर्षांचा. तू कॉलेजचं ओळखपत्र काढून दाखवायचास आणि पूर्ण तिकीट मागायचास. एकदा त्यानं कार्डावरचा फोटो बघितला, तुझ्याकडं बघितलं आणि विचारलं, भावाचं कार्ड घेऊन फिरतोस व्हय रं? सगळी गाडी हसली. तू पूर्ण तिकीट घेतलंसच. अर्ध्या तिकिटावर प्रवास केला तर आपण अर्धेच राहू अशी तुला भीती होती, असं तू मला कितीतरी वर्षांनी सांगितलंस.

पुढं उंची वाढली, हातपाय लांबलचक झाले, पण तोंड तसंच राहिलं, गुळगुळीत. आवाजही तसाच, बारीक. कळंबच्या शाळेत लागलास तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांनी सातवीच्या वर्गात डोकावून तुलाच विचारलं, "बाळ, गुरुजी कुठे गेले?" तू हात जोडून म्हणालास, "साहेब, मीच गुरुजी." पोरं बाकावर डोकी आपटून हसली. साहेब लालबुंद झाले आणि शेऱ्याच्या वहीत 'शिक्षक तरुण व उत्साही आहेत' असं लिहून निघून गेले. ही गोष्ट तू घरी आल्यावर इतकी रंगवून सांगितलीस, की आई डोळे पुसत हसली. रात्रीचं जेवण मात्र तू टाळलंस. ते फक्त माझ्या लक्षात आलं.

मग मुलगी बघायला गेलो तो दिवस. तू सव्वीस पूर्ण, मी बावीस. मी तेव्हा इंदापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून, मलमपट्टी आणि सुया टोचायला, नुकता लागलो होतो. बारामतीच्या बाजूचं एक गाव होतं. मुलीच्या मामानं आमच्याकडं एकदा बघितलं, मला मधल्या खुर्चीवर बसवलं, टोपी घातली, कुंकू लावलं. तुला पोरांच्या रांगेत पाट दिला आणि वर म्हणाला, लाडू घे रं बाळा, लाजू नगंस. मुलगी पोहे घेऊन आली ती माझ्यापुढं वाकली. मी कसंबसं म्हणालो, मी न्हाय, ह्यो. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "मग मोठा कवा यायचाय?" सगळ्यांत आधी तू हसलास. तुझं ते बारीक खळखळून हसणं ऐकून बाकीचे हसले. असा तू त्यांचा अवघडलेपणा घालवलास. सोयरीक अर्थातच तिथंच मोडली.

येताना एसटीत तू खिडकीशी बसला होतास. भवानीनगर मागं पडलं, साखर कारखान्याच्या मळीचा वास गाडीत भरला, लोकांनी नाकाला रुमाल लावले. तू तसाच बाहेर बघत होतास. मग एकदम विचारलंस, "सोमा, तुला मिशी आली तवा कसं वाटलं रं?"

इतक्या वर्षांत तू मला असं काही पहिल्यांदाच विचारत होतास. मला काहीतरी चांगलं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "खाजायची."

तू जंक्शनचा थांबा येईपर्यंत हसत होतास.

दुसऱ्या दिवशी आबांनी विषय काढला. आपल्या शेताला कालव्याचं पाणी येण्याआधी घरात मेंढरंच होती, त्यामुळं शरीराच्या गोष्टींची आबांना लाज कधी नव्हतीच. ते शांतपणे म्हणाले, कळपात एखादं कोकरू उशिरा भरतं, त्याला कुणी हाकलून देत नाही, पण दाखवायला पाहिजे. कुणाला दाखवायचं, तर माझ्या साहेबांना. तुझ्या आणि माझ्या नकळत आबा इंदापूरला जाऊन जनावरांच्या डॉक्टरांपुढं बसले आणि थोरल्या मुलाची सगळी हकिकत सांगून मोकळे झाले. साहेब भला माणूस. न हसता म्हणाले, आबा, हे माझ्या हातातलं नाही, पण असल्या दुखण्याला औषध असतं, बारामतीला न्या.

बारामतीच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुला आडवं निजवून तपासलं, हातांची लांबी मोजली आणि मग भलताच प्रश्न विचारला. "गुरुजी, तुम्हाला वास येतो का?"

"कशाचा?"

"कशाचाही. फुलाचा, घामाचा, करपलेल्या दुधाचा."

तू जरा विचार केलास. "म्हंजी, लोकांना खरंच येतो?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. तू सांगितलंस, की लोक नाक मुरडतात, छान वास सुटलाय म्हणतात, ती तुला बोलायची एक पद्धत वाटायची. रामराम म्हणतात तशी. तूही इतकी वर्षं 'काय वास सुटलाय' म्हणत आला होतास. मी शेजारी बसून आठवत होतो. तुझ्या ट्रंकेत उंदीर मेला तेव्हा तू त्या ट्रंकेला टेकून चार दिवस अभ्यास केला होतास. फाटलेल्या दुधाचा चहा तू मुकाट्यानं प्यायचास आणि आईला वाटायचं, पोरगं किती समजूतदार.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. वयात यायचा निरोप मेंदूतून निघतो. ज्या पेशी तो धाडतात आणि ज्या नसा वास ओळखतात, त्या बाळ पोटात असताना एकाच वाटेनं मेंदूत जातात. तुझ्या बाबतीत ती वाटच कुठंतरी अडली होती. निरोप निघालाच नाही, शरीर आपलं वाट बघत बसलं. पुण्याला रक्त तपासून आणा, मग इंजेक्शनं सुरू करू, दर तीन आठवड्यांनी एक, बहुतेक जन्मभर. तू विचारलंस, आता लई उशीर तर झाला न्हाय? ते म्हणाले, "उशिरा शाळेत आलेल्या मुलाला तुम्ही एकदम सातवीत बसवता का? पहिलीपासून शिकवता. तसंच."

पुण्याच्या तपासण्या डॉक्टरांच्या बोलण्याला धरूनच आल्या. प्रश्न उरला इंजेक्शन देणार कोण. गावात कुणाकडं जायचं नाही, वालचंदनगरला ओळखीचे फार. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू छातीठोकपणे सांगितलंस, भाऊ दवाखान्यात आहे. ते खरंच होतं. कसल्या दवाखान्यात, ते त्यांनी विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडून एकदा कंपाउंडरसमोर देऊन घेतलं, मान डोलावली, म्हणाले, हात पक्का आहे.

गोठ्यात पहिलं इंजेक्शन दिलं त्या दिवशी त्या पक्क्या हातानं मी सिरिंज तीनदा उचलून खाली ठेवली. तेलातलं घट्ट औषध, जाड सुई, आणि समोर गव्हाणीला धरून वाकलेला तू, मला अक्षरं शिकवणारा माझा थोरला भाऊ. मी म्हणालो, जमत न्हाय. तू मागं न बघता म्हणालास, "म्हैस समज." मी सवयीनं आधी थाप मारली आणि मग सुई. शेजारच्या म्हशीनं वळून बघितलं, तिला वाटलं आता तिची पाळी.

दोन महिने काही नाही. मग सगळं एकदमच आलं. तू भाकरी मोजायचं सोडलंस. तोंडावर पुटकुळ्या उठल्या आणि आई तुला हळद लावायला लागली. वालचंदनगरच्या दुकानातून तू काळा गॉगल आणलास. आरशासमोर इतका वेळ भांग पाडायचास, की आबा दाढीसाठी ताटकळत बसायचे. एकदा आबा नुसतं म्हणाले, रेडिओ जरा हळू कर, तर तू ताट सरकवून उठलास आणि मागचं दार आपटून उसाकडं निघून गेलास. आबा बघतच राहिले. म्हणाले, सत्तावीस वर्सांचा घोडा आन् ही थेरं. आई चुलीपुढून शांतपणे म्हणाली, "असूं द्या, वय हाय त्याचं." आबांनी आईकडं बघितलं, आणि मग ते दोघं इतके हसले की म्हातारपणी त्यांना तसं हसताना मी परत कधी बघितलं नाही.

आवाज सगळ्यात शेवटी फुटला. त्याआधी तू गावातल्या नव्या एसटीडीवरून कुठंही फोन लावलास, की पलीकडचा माणूस म्हणायचा, बोला ताई. एका दुपारी इंदापूरच्या दवाखान्यात फोन आला. पलीकडून जाड आवाजात कुणीतरी म्हणालं, वरच्या ऑफिसातून बोलतोय, तुमच्याकडं शेळगावच्या एका म्हशीची तक्रार आलीय. मी उभा राहिलो. म्हणालो, साहेब, डॉक्टर दौऱ्यावर हायत. पलीकडून विचारणा सुरूच, म्हैस कितव्या वेताची, चारा काय, तुमी स्वतः बघितली का. पाच मिनिटं मी घाम पुसत 'व्हय साहेब' करत होतो. मग मधेच तो आवाज घसरला, वर चढला, एकदम चिरका झाला, आणि तुझं हसू ऐकू आलं. शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू फोनवर 'हॅलो, हॅलो' म्हणत राहिलास, दोन वेगवेगळ्या आवाजांत.

वर्गात मात्र तू भलतंच केलंस, आणि तिथून आपलं बिनसायला लागलं. सातवीला कविता म्हणून दाखवताना तुझा आवाज फाटला. मागच्या बाकावरची, स्वतःचे आवाज फुटत असलेली पोरं खिदळली. तू पुस्तक मिटलंस आणि सांगितलंस, "माझा आन् तुमचा आवाज एकाच वर्षी फुटतोय. माझा उशिरा, औषधानं. कुनी कुनाला हसायचं न्हाय." पोरांनी ते घरी सांगितलं. आठवड्यात तात्या माझ्याकडं आले, बाजूला नेऊन म्हणाले, गुरुजीला देतोस ते माझ्या खोंडाला बी दे की, लई मरगळलाय. मी त्यांना वाटेला लावलं आणि तुझ्यावर चिडलो. एवढं गोठ्यात लपून करायचं आणि तू वर्गात घंटा वाजवून सांगणार. तू म्हणालास, त्या पोरांपैकी एकाचा जरी निरोप अडकला असंल तर त्याला कळायला नको?

त्याच सुमारास तुला शोभा भेटली. वालचंदनगरला ती आईबरोबर शिवणकाम करायची. तुझ्या लांब हातांना तयार शर्ट आखूड पडायचे, म्हणून कुणीतरी तुला तिथं धाडलं. तिनं माप घेतलं, टेप परत लावली आणि म्हणाली, "गुरुजी, हे हात दोन मानसांचे हायत." तू घरी येऊन हे वाक्य मला तीनदा सांगितलंस. दोन महिन्यांत तुझे सहा शर्ट शिवून झाले. सातव्याला आबांनी तिच्या घरी रीतसर विचारणा केली आणि तिकडून होकार आला.

तू म्हणालास, सुपारी फुटायच्या आधी तिला सगळं सांगणार. इंजेक्शनं, जन्मभराची, आणि मूल होईलच याची खात्री नाही तेही. इंदापूरच्या स्टँडवर, भर दुपारी, माझी सायकल मधे धरून आपण भांडलो. मी म्हणालो, काय गरज? दाढी आली, मिशी आली, आवाज आला, कुणाला काय कळतंय? परत मोडलं तर आई हाय खाईल. तू ऐकेनास. मग मी ते बोललो.

"आत्ता कुठं मानूस झालायस. आता मानसासारखं गप ऱ्हा."

तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तू सायकलच्या हँडलवरचा माझा हात बघत राहिलास आणि विचारलंस, "मग आधी कोन हुतो रं?"

मी सायकल ओढून घेतली आणि निघून गेलो.

तू तिला सांगितलंस. त्या दिवशी नेमका तुझा आवाज पुन्हा दगा देत होता. वहिनी सांगते, तू 'संप्रेरक' हा शब्द अर्धा बापईच्या, अर्धा बाईच्या आवाजात म्हटलास. ती सगळं ऐकून घेईतो मशीन चालवत होती, मग पाय थांबवला आणि विचारलं, इंजेक्शन देतं कोण? धाकटा भाऊ, तू म्हणालास. डॉक्टर हायत? न्हाय, ड्रेसर हाय, जनावरांच्या दवाखान्यात. ती हसायला लागली ती थांबेना. तिची आई आतून बघायला आली. तू उठून चाललास, तेव्हा तिनं तुझा लांब हात धरून खाली बसवलं. म्हणाली, "सुई माझ्या रोजच्या हातातली हाय. मी शिकंन."

तिला शिकवायला मीच गेलो. संत्र्यात पाणी टोचून दाखवलं. तिला एकदाच दाखवावं लागलं. लग्नानंतर गोठ्यातली आपली ती तीन आठवड्यांची वेळ संपली, आणि मला करमेना, हे मी तुला कधी सांगितलं नाही. पुढं मूल व्हावं म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी वेगळी इंजेक्शनं दिली, आठवड्यातनं दोनदा, दीड वर्ष, तीही तिनंच टोचली, आणि सायली झाली. बारशाला तू तिच्या डोक्याला नाक लावून उभा होतास. तात्या म्हणाले, गुरुजी, काय वास घेताय? तू म्हणालास, वास न्हाय, नुसतंच.

आपण पुढं नीट बोललो, हसलो, शेतं एकत्र कसली. स्टँडवरचं ते बोलणं तू परत काढलं नाहीस. मी रोज काढीन काढीन म्हणत राहिलो. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही उशाशी बसून तुला उसाच्या तोडीचं सांगितलं, मोटारीचं सांगितलं, ते सांगितलं नाही.

तू विचारलंस, आधी कोण होतो. सांगतो.

मी सोळाचा होतो, तू वीसचा, सुट्टीला घरी आलेला. मी मोटारीच्या पाइपाच्या तळाची झडप, फूटव्हॉल्व्ह, बघायला विहिरीत उतरलो आणि शेवाळावरून घसरलो. पाय मोडला, पाणी गळ्यापर्यंत. मी माझ्या नव्या जाड आवाजात हाका मारल्या. त्या आतल्या आत घुमत राहिल्या, काठावरसुद्धा पोचल्या नाहीत. तू भाकरी घेऊन आलास, मला बघितलंस आणि कपड्यांसकट उडी मारलीस. एका हातानं कपार धरलीस, दुसऱ्यानं माझी हनुवटी पाण्यावर धरलीस, आणि ओरडायला लागलास. बारीक, उंच, चिरत जाणाऱ्या आवाजात. अर्धा तास. तो आवाज भिंतींवर न आपटता सरळ वर गेला. तीन शेतं पलीकडं पिकाला पाणी धरत असलेल्या तात्यांनी ऐकला आणि दोर घेऊन आले. तात्यांना आधी वाटलं होतं, बाईमाणूस पडलंय.

दोर आल्यावर तू आधी मला बांधलंस.

तात्या समोर नसताना गावात मी सांगितलं, की मी हाका मारल्या म्हणून लोक आले. तू शेजारी बसून ऐकलंस आणि मान हलवलीस, व्हय, असंच झालं.

तुझा,
सोमा